जावई कोला पितो, मग चहा का नाही?

प्रश्न : आमचा जावई अमेरिकेतील यूटा राज्यात, मॉर्मन या ख्रिस्ती परंपरेतून निघालेल्या पंथाच्या कुटुंबात वाढला. चर्चला जाणे त्याने केव्हाच सोडले. तरीही तो चहा-कॉफीला शिवत नाही, कोला मात्र दिवसभर पितो आणि तळघरात गहू, तांदूळ व दुधाच्या भुकटीचे डबे रचून ठेवतो. आम्ही लवकरच मुलीकडे सॉल्ट लेक सिटीला जाणार आहोत. तेथे व्याही आणि विहीणबाई जेवायला येतील. ते दोघे आजही धर्मनिष्ठ आहेत. या सवयी कुठून आल्या आणि त्यांचे आदरातिथ्य कसे करावे?
— एक वाचक

उत्तर : चहा-कॉफी वर्ज्य असण्याचे मूळ १८३३ सालात आहे. ओहायोतील कर्टलंड येथे या पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनी त्या वर्षी सांगितलेला आहारविषयक उपदेश मॉर्मन मंडळी ‘वर्ड ऑफ विज्डम’ या नावाने ओळखतात. त्यात दारू, तंबाखू आणि गरम पेये निषिद्ध आहेत. गरम पेये म्हणजे चहा आणि कॉफी हा अर्थ लवकरच रूढ झाला, म्हणून कढत कोको चालतो, पण बर्फ घातलेला चहा चालत नाही. आरंभी हा केवळ सल्ला होता. विसाव्या शतकात मात्र तो पाळल्याशिवाय मंदिरात, म्हणजे रविवारच्या प्रार्थनागृहाहून वेगळ्या, खास धार्मिक विधींच्या वास्तूत, प्रवेश मिळेनासा झाला. कोलाबद्दल घराघरांत बराच काळ मतभेद होते, पण कॅफीनला बंदी नाही असे चर्चने २०१२ मध्ये स्पष्ट केले. जेथे कॉफीच्या निमित्ताने भेटणे शक्य नाही, तेथे कोलात नारळाचे सिरप आणि लिंबू घालून देणारी दुकाने फोफावली, यात नवल नाही.

मांसाची गोष्ट वेगळी आहे. त्याच उपदेशात मांस बेताने, शक्यतो हिवाळ्यात किंवा दुष्काळात खावे असे म्हटले आहे. मंदिराच्या परवान्यासाठी त्याची विचारणा होत नसल्याने हा भाग बहुतेक घरांत मागे पडला.

माझ्या मते मनावर अधिक खोल ठसा उमटतो तो बंदीचा नव्हे, तर साठवणुकीचा आणि उपवासाचा. अडचणीच्या काळासाठी घरात धान्य असावे, ही शिकवण चर्च पिढ्यान्‌पिढ्या देत आले आहे. पूर्वी वर्षभराच्या साठ्यावर भर असे, आता निदान तीन महिन्यांचे नेहमीचे अन्न आणि त्यापुढे जमेल तसे टिकाऊ धान्य ठेवा असे सांगतात. हवाबंद डब्यातला गहू तीस वर्षेही टिकतो, तरी जुना डबा आधी काढून नवा मागे ठेवायचा, ही शिस्त मुले घरातच शिकतात. महिन्याच्या पहिल्या रविवारी दोन वेळचे जेवण आणि पाणीही सोडून, वाचलेल्या पैशाइतकी किंवा त्याहून अधिक रक्कम गरजूंसाठी देण्याची प्रथा आहे. अंत्यविधीनंतर मंडळीतील स्त्रिया शोकाकुल घरी चीज, मलईदार सूप आणि वरून कॉर्नफ्लेक्स घातलेले भाजलेले बटाटे पोहोचवतात. त्या पदार्थाचे नावच ‘फ्युनरल पोटॅटोज’ आहे. अन्न म्हणजे शेजाऱ्याची जबाबदारी, हे ज्याने लहानपणापासून पाहिले, त्याची श्रद्धा सरली तरी तळघरातले डबे तसेच राहतात. त्यामुळे जावयाच्या त्या डब्यांना भीतीचे लक्षण मानू नये.

व्याह्यांना मसाला चहा देऊ नये, कारण मसाला घातला तरी तो चहाच; चहापत्तीशिवाय केलेला आले-गवती चहाचा काढा मात्र सहसा चालतो, तरी आधी विचारून घ्यावे. दूध, कोको, लिंबू सरबत हे तर निर्धोक. कॉफीच्या स्वादाची मिठाई आणि वाइन घातलेले पदार्थ टाळलेलेच बरे. आमंत्रण पहिल्या रविवारचे असेल, तर उपवास केव्हा सुटतो ते विचारून जेवणाची वेळ ठरवावी. जावयालाही ‘आता तू चर्चला जात नाहीस, मग घे की एक घोट’ असा आग्रह करू नये. घरात जे कधी उकळलेच नाही, त्याची त्याला ओढ नसते.