भाऊसाहेबांची शिल्लक रजा

"रजा घेतली तर मागे कामाचा ढीग पडतो, आणि घरी बसून करायचं तरी काय?" ही तक्रार इतक्यांनी केली आहे की कोणी वाक्य सुरू केलं की पुढचं मलाच ठाऊक असतं. त्यातल्याच एका गृहस्थांचा हा अनुभव. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. सातारा जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात ते लेखा शाखेत आहेत. तिथे सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणतात, आपणही तेच म्हणू.

त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या त्या त्यांच्या पत्नी, म्हणजे आपल्या वहिनी. पहाटे तीनला जाग, मग टक्क डोळे उघडे. मुलांवर खेकसणं. हातखंडा असलेलं साधं बिल तपासायलाही दोन-तीनदा बसावं लागायचं. "लोक कटकट करायलाच येतात" हे पालुपद. आधी डॉक्टरांकडून साखर, रक्तदाब, थायरॉईड तपासून घ्यायला लावलं. सगळं ठीक निघालं. कामाच्या न संपणाऱ्या ताणातून येणाऱ्या 'बर्नआउट'च्या तीन खुणा जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितल्या आहेत : थकून जाणं, कामाचा तिटकारा येणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. संघटना याला आजार म्हणत नाही. पण भाऊसाहेबांमध्ये तिन्ही दिसत होत्या.

रजेचं विचारलं तर गडी खुलला. "३०० कधीच भरल्यात, मॅडम!" निवृत्तीच्या वेळी जास्तीत जास्त ३०० दिवसांच्या शिल्लक अर्जित रजेचे पैसे मिळतात, त्यामुळे ती राखून ठेवण्यात व्यवहार आहेच. पण दर जानेवारी आणि जुलैला खात्यात नवी रजा पडते, आणि ३०० भरल्यावर ती न घेणं म्हणजे सोडून देणं. पैशापैशाचा हिशेब लावणारा माणूस हे खुशाल वाया घालवत होता! शिवाय, आज न घेतलेली विश्रांती अठ्ठावन्नाव्या वर्षी एकदम वसूल होत नाही. सुट्टीचा तजेलासुद्धा कामावर परतल्यावर काही आठवड्यांत ओसरतो, असं यावरचे अभ्यास सांगतात. म्हणून वर्षातून एकच भली मोठी सहल करण्यापेक्षा अधूनमधून दोन-तीन दिवस मोकळे काढा, असं मी सुचवते.

पहिली रजा फुकट गेली. कोकणात गेले, समुद्राकडे पाठ करून फोनवर कार्यालयाला व्हाउचर नंबर सांगत बसले. शरीर गेलं, डोकं टेबलावरच राहिलं. जर्मन मानसशास्त्रज्ञ सबिने झोनेनटाग यांनी नेमक्या याच मुद्द्यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे : कामाबाहेरच्या वेळात मन कामापासून सुटलं तरच थकवा भरून निघतो.

मग आम्ही दोन गोष्टी ठरवल्या. जाण्याआधी अर्धा दिवस काढून कोणती फाइल कुठे, कोणाला काय विचारायचं, हे सहकाऱ्याला लिहून द्यायचं. आणि नुसतं बसायचं नाही, हाताला दुसरं काम द्यायचं. अशा माणसाला "शांत बसा" म्हटलं की तो मनातल्या मनात ताळेबंद मांडतो.

मे महिन्यात ते कोरेगावकडे थोरल्या भावाच्या रानात गेले. आल्याची लागण चालू होती. बेण्याचे तुकडे करताना प्रत्येकावर दोन-तीन डोळे राहिले पाहिजेत, कुजका दिसला की बाजूला टाकायचा. नजर दुसरीकडे गेली की थोरला भाऊ चारचौघांत बोलणार. हात मातीने माखलेले, त्यामुळे फोन खिशातच वाजून गप्प व्हायचा. दुसऱ्या रात्री त्यांना पहाटेपर्यंत सलग झोप लागली. परतल्यावर टेबलावर ढीग होता, पण तो भीती वाटत होती त्याच्या निम्मासुद्धा नव्हता. तरी पुढच्या मार्चअखेरीस पुन्हा तीनला जाग येऊ लागली, हेही सांगितलं पाहिजे. फरक एवढाच, की एप्रिलची रजा त्यांनी आधीच टाकून ठेवली होती.

हे सगळं ऐकत बसलेल्या वहिनी मध्येच म्हणाल्या, "आणि माझी अर्जित रजा कुठे जमा होते?" गावी गेल्यावरही चूल त्यांच्याच गळ्यात होती, भाऊसाहेबांचा तो मोकळा वेळ त्यांना दहा माणसांच्या भाकऱ्यांत गेला. प्रश्न रास्त होता. पुढच्या खेपेला त्या वाईला बहिणीकडे एकट्याच राहायला जायचं ठरलं, आणि त्या दिवसांत मुलांच्या डब्याचं कोण बघणार हे आम्ही भाऊसाहेबांकडून कागदावर लिहून घेतलं.