टीव्हीमागे संगणक ठेवावा, पण कोणत्या पैशांतून?

सांगलीच्या एका ताईंचं पत्र आलं आहे. घरात त्या, त्यांचे पती, बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगी आणि ७४ वर्षांचे सासरे. पतींचा पगार हातात ५८,००० रुपये, ताईंच्या शिकवण्यांचे १६,०००. गृहकर्जाचा हप्ता २१,५००, एसआयपी ५,०००, घरखर्च ४०,००० च्या आसपास. आपत्कालीन ठेव ६५,००० ची आणि क्रेडिट कार्डावर २२,००० थकलेले.

२०१७ साली घेतलेला ४३ इंची फुल एचडी टीव्ही आता रडतखडत चालतो. म्हणून ॲपल कंपनीचा ५९,९०० रुपयांचा ‘मॅक मिनी’ हा छोटा संगणक बारा महिन्यांच्या ‘नो कॉस्ट ईएमआय’वर घेऊन टीव्हीला जोडावा, असं घरात ठरतंय. ओटीटी, सासऱ्यांचा नाट्यसंगीताचा संग्रह, जुने घरगुती व्हिडिओ सगळं एका ठिकाणी येईल आणि मुलीलाही संगणक मिळेल. ‘पैसे वसूल होतील ना?’ असं त्या विचारतात.

ताई, यंत्र उत्तम आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेला, एम४ चिपचा मॅक मिनी तळहातावर मावेल एवढा आहे, त्याचा आवाज होत नाही आणि नुसता चालू असताना तो सुमारे ४ वॅट वीज घेतो. वर्षभर बंदच केला नाही तरी ३५ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तर साडेतीनशे. तेव्हा विजेची काळजी करू नका. माझी हरकत आहे ती ‘एका यंत्रात दोन कामं’ या हिशोबाला.

तुमच्या घरातली संध्याकाळ तुम्हीच पत्रात लिहिली आहे. सात ते दहा बाबा, म्हणजे तुमचे सासरे, हॉलमध्ये मालिका आणि बातम्या बघतात, आणि मुलगी अभ्यासाला बसते तीही त्याच वेळी. संगणक टीव्हीला जोडलेला असेल, तर ती त्यावर प्रोग्रॅमिंगचा सराव कुठे बसून करणार? सहा महिन्यांत तो तिच्या खोलीत जाईल, हॉलमधला टीव्ही पुन्हा होता तसाच होईल आणि तुम्ही टीव्हीसाठी आणखी काहीतरी घ्याल. म्हणजे दोन कामांना शेवटी दोन वस्तू लागणारच आहेत. मग दोन्हींचा विचार वेगवेगळा करू.

आधी टीव्ही. बाबांच्या हातात रिमोट आहे आणि तो तसाच राहायला हवा. मॅक मिनी कीबोर्ड आणि माउसवर चालतो. एकेकाळी, २००६ च्या मॉडेलबरोबर, छोटा पांढरा रिमोट यायचा आणि सोफ्यावर बसून वापरायचा ‘फ्रंट रो’ नावाचा प्रोग्रॅम असायचा. २०११ मध्ये कंपनीने तो काढून टाकला. पडद्यावरचा बारीक बाण हलवत ब्राउझरमध्ये मालिका शोधणं ७४ व्या वर्षी कोणाला शिकायला लावू नये, असं मला मनापासून वाटतं.

दुसरं, ओटीटीचा खर्च संगणकामुळे कमी होत नाही. वर्गणी तीच राहते. उलट काही सेवा ब्राउझरमध्ये टीव्हीवरच्या ॲपपेक्षा कमी दर्जाचं चित्र देतात. पाच-सहा हजारांची, टीव्हीच्या एचडीएमआय पोर्टला लागणारी स्टिक बहुतेक सगळी ॲप रिमोटवर चालवते. टीव्हीचा पडदा चांगला आहे, थकला आहे तो त्याच्या आतला प्रोसेसर. त्यावर एवढा इलाज पुरतो. फक्त नाव-गाव नसलेले, ‘सगळं फुकट दिसेल’ म्हणून विकले जाणारे स्वस्त बॉक्स घेऊ नका. अशा बॉक्समध्ये आधीपासूनच घुसखोर सॉफ्टवेअर भरलेलं आढळल्याचा इशारा अमेरिकेच्या एफबीआयने जून २०२५ मध्ये दिला होता. घरच्या वायफायवरच तुम्ही बँकेचे व्यवहार करता, हे विसरू नका.

वर्गण्यांच्या यादीत मला एक गोष्ट खटकली. तुम्ही नेटफ्लिक्सचा ६४९ रुपयांचा प्लॅन घेतला आहे. त्याचे जादा पैसे मुख्यतः ४के, म्हणजे फुल एचडीहून जास्त बारकाव्याच्या चित्राचे आहेत आणि तुमचा टीव्ही फुल एचडी आहे. ते चित्र तुमच्या पडद्यावर येऊच शकत नाही. चौघांनी वेगवेगळ्या ठिकाणी एकाच वेळी बघायची गरज नसेल, तर ४९९ चा प्लॅन पुरेल. वर्षाला १,८०० रुपये इथेच वाचतात. तीन-चार वर्षांत स्टिक फुकटात पडल्यासारखी होईल.

आता पत्रातल्या त्या एका ओळीकडे येतो, जी तुम्ही जाता जाता लिहिली आहे. कार्डावर २२,००० थकले आहेत. दरमहा साडेतीन टक्के व्याज धरलं तर ७७० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ९०९ रुपये महिन्याला. नेटफ्लिक्सच्या सगळ्यात महाग प्लॅनपेक्षाही जास्त, आणि त्याच्या बदल्यात घरात काहीही येत नाही. शिवाय थकबाकी असताना कार्डावर नवी खरेदी केली, तर तिला बिनव्याजी मुदतही मिळत नाही. हे समजत असूनही लोक ठेवीला हात लावायला घाबरतात. मी तुम्हाला सांगतो, ठेवीतून २२,००० काढा आणि कार्ड याच आठवड्यात पूर्ण फेडा. ठेव सहा-सात टक्के देते, कार्ड वर्षाला चाळीसच्या वर घेतं. सगळा खर्च जाऊन तुमच्याकडे महिन्याला साडेसात हजार उरतात. तीन महिन्यांत ती ठेव पुन्हा ६५,००० वर येईल. तेवढी रक्कमही जेमतेम एका महिन्याच्या खर्चाची आहे, ती हळूहळू सहा महिन्यांपर्यंत न्यायची आहे. पण सुरुवात इथून करा.

‘नो कॉस्ट’ या शब्दावरही विसंबू नका. शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच मनाई केली. आता व्याज लागतंच, तेवढी सूट विक्रेता किमतीत देतो. पण व्याजावरचा जीएसटी तुमच्या माथी राहतो. १६ टक्के दर धरला तर बारा महिन्यांचं व्याज ४,९०० च्या आसपास आणि त्यावरचा जीएसटी ८८०. प्रोसेसिंग शुल्क वेगळं. रक्कम मोठी नाही, मान्य. पण दरमहा ४,९९२ चा हप्ता तुमच्या साडेसात हजारांतून गेला की हातात अडीच हजार राहतात, आणि एखाद्या महिन्यात बाबांच्या तपासण्या निघाल्या की पुन्हा कार्ड पुढे येईल.

मुलीला संगणक हवा, याबाबत मी तुमच्याच बाजूने आहे. तिच्या शिक्षणाला तो लागणार आहे. पण ५९,९०० ही पूर्ण किंमत नाही. त्यात मॉनिटर, कीबोर्ड आणि माउस येत नाहीत, आत जागा २५६ जीबीच आहे. सगळं धरून पंच्याहत्तर हजारांच्या जवळ जाल. मॅकच हवा असेल तर कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठीची सवलत विचारा. हे मॉडेल आलं तेव्हा त्या सवलतीत ते ४९,९०० ला होतं. ठेव भरून निघाली की दरमहा पाच हजारांचं आवर्ती खातं काढा आणि दहा महिन्यांनी रोखीने घ्या. एवढं थांबता येत नसेल, तर मोठ्या कंपन्यांच्या ऑफिसांतून निघालेले छोटे डेस्कटॉप दुरुस्त करून विकले जातात, साधारण वीस हजारांच्या आसपास. तिथे एकच अट पाळा. इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर हवा. त्याआधीच्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दुकानदार ‘आय-फाइव्ह आहे’ एवढंच सांगेल, पिढी तुम्ही विचारा.

आणि घरगुती संग्रहासाठी तुमच्याकडे यंत्र आहेच! पडदा फुटलेला लॅपटॉप कपाटात पडून असल्याचं तुम्ही लिहिलं आहे. बाकी सगळं चालू असेल तर तो एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडा, त्यावर व्हीएलसी किंवा कोडी हा व्हिडिओ आणि गाणी चालवणारा प्रोग्रॅम टाका. दोन्ही मोफत आहेत. कोडीत मोठ्या अक्षरांच्या याद्या येतात आणि फोनवरूनही ते चालवता येतं. दोन महिने वापरून बघा. रविवारी सगळे मिळून जुने व्हिडिओ खरंच बघत असाल, तर टीव्हीसाठी वेगळा छोटा संगणक घेण्याबद्दल मला पुन्हा लिहा, मी आडकाठी करणार नाही. ज्या घरांत स्वतःचा मोठा संग्रह असतो आणि तो नीट लावून ठेवण्याची कोणाला तरी आवड असते, तिथे असा संगणक वर्षानुवर्षं वापरात राहिलेला मी पाहिला आहे.

शेवटी एक विनंती. सासूबाईंच्या वेळच्या अकरा मिनी डीव्ही टेपा (जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्याच्या छोट्या कॅसेट) अजून टेपांतच आहेत, असं तुम्ही म्हणता. मॅक मिनी त्या वाचणार नाही. त्यासाठी तसा चालू स्थितीतला कॅमेरा आणि तो संगणकाला जोडणाऱ्या फायरवायर या जुन्या जोडणीची सोय लागते, आणि दोन्ही दुर्मिळ होत चालले आहेत. तासाभराच्या टेपेला १३ जीबी जागा लागते, अकरांना मिळून दीडशेच्या आत. एक साधी डिस्क पुरते, पण डिस्क दोन घ्या आणि दुसरी पुण्याला नणंदेकडे ठेवा. माझ्या आईच्या आवाजातल्या ओव्या एकाच डिस्कवर होत्या. ती बंद पडली आणि त्या परत मिळाल्या नाहीत. कार्ड फेडल्यावर पहिल्या महिन्यात जे पैसे उरतील, ते त्या अकरा टेपांसाठी वापरा. ठेव भरायला एखादा महिना जास्त लागला तरी चालेल.