गालाचं हाड जुळलं, पण ओठ अजून बधिर आहे. हे कायमचं राहील का?

लोकलच्या दारातल्या दांड्यावर गाल आपटून हाड मोडलं, जुळूनही गेलं, तरी वरचा ओठ बधिर आहे, असं तुम्ही लिहिलंय. हे बऱ्याच जणांना होतं. डोळ्याच्या खोबणीखालून एक नस गालात उतरते. गाल, नाकाची कड, वरचा ओठ, वरचे पुढचे दात आणि हिरड्या यांची संवेदना तिच्याकडे असते, आणि हाड मोडताना नेमकी तीच चेपते. मुंग्या येत असतील तर ती बहुतेक वेळा चांगली खूण. नस सावकाश, कित्येक महिने सुधारत राहते. वर्ष उलटूनही काहीच फरक नसेल तर थोडा बधिरपणा कायम राहू शकतो. तोवर दाढी करताना आणि गरम चहा पिताना खरंच जपा, भाजलेलं कळत नाही.

हाड जोडायला टायटॅनियमची पट्टी बसवलेली असेल, तर त्रास नसताना ती सहसा काढत नाहीत.

पण एकाचे दोन दिसणं, डोळा आत गेल्यासारखा वाटणं, वडापावचा घास घेण्याइतकंही तोंड न उघडणं हे अंगावर काढू नका. हाड तिरकं जुळलेलं असू शकतं. ओरल सर्जनला, म्हणजे तोंड-जबड्याच्या शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा, ते बहुधा सीटी स्कॅन सांगतील. मुंबई सेंट्रलचं नायर दंत रुग्णालय किंवा सीएसएमटीजवळचं शासकीय दंत महाविद्यालय, दोन्हीकडे हा विभाग आहे.