पिकअपच्या शेलमध्ये गादीखालचे ड्रॉवर किती उंच ठेवावेत आणि प्लाय कोणता वापरावा?

ड्रॉवर ८ इंची की १० इंची, प्लाय १२ एमएम की १८ एमएम, असं तुम्ही विचारलंय. त्यावर येतेच. पण दोघं जण शेलमध्ये, म्हणजे पिकअपच्या मागच्या सामानाच्या हौद्यावर बसवलेल्या बंद टपाखाली, झोपणार असं लिहिलंत आणि गादीवर बसल्यावर डोकं छताला लागेल का, याचा प्रश्नात शब्दही नाही. आमच्या घरात याच मुद्द्यावरून वाद झाला होता, म्हणून एवढं लांब लिहिते आहे.

माझं मत आधीच सांगते. शेलचं छत कॅबच्या छताएवढंच उंच असेल, तर झोपायच्या जागेखाली ड्रॉवर करूच नयेत. गादी हौद्याच्या तळावर टाकावी, सामान दुसरीकडे न्यावं.

आमच्या शेलचं आतलं काम माझ्या दिरांनी अंगावर घेतलं होतं. हात फार चांगला आहे त्यांचा, सांध्यात नख जाणार नाही असे कोपरे जुळवतात. त्यांनी चाकांच्या फुगवट्यांच्या वरून जाणारा सपाट ओटा आखला, खाली हौद्याच्या लांबीचे दोन ड्रॉवर, सरकण्यासाठी जाड चॅनेलवर. काम सुरू व्हायच्या आधी मी टेप घेऊन आत गेले. तळापासून छतापर्यंत ४१ इंच. त्यातून ओट्याचे १३ गेले, गादीचे ४ गेले, उरले २४. मांडी घालून ताठ बसले की माझी उंची ३३ इंच भरते, नवऱ्याची ३६. हे मी तिथल्या तिथे बोलून दाखवलं. दीर म्हणाले, "वहिनी, आत फक्त झोपायचंय. बसायला बाहेर खुर्च्या आहेत की." विषय संपला आणि ओटा झाला.

पुढे एका मुक्कामी दुपारीच पाऊस लागला तो सकाळपर्यंत हटला नाही. आम्ही भिजून आत शिरलो. ओली पँट आडवं पडून काढायची म्हणजे काय असतं ते करून बघा: गुडघा वर घेतला की छताला लागतो, कंबर उचलली की टाच गादीत रुतते, आणि तोवर गादीही ओली झालेली असते. कोरडे कपडे खाली ड्रॉवरमध्ये. तो ड्रॉवर उघडायचा तर शेलचं दार वर करा, फाळका, म्हणजे हौद्याची मागची झडप, पाडा आणि अख्खा ड्रॉवर फाळक्यावर, म्हणजे पावसात, ओढा. नवरा उतरला आणि कपडे घेऊन आला, पण तेवढ्यात वरचे दोन थर भिजले होते. संध्याकाळपासून आम्ही दोघं कोपरावर टेकून होतो. मान अवघडली की पाठीवर, पाठ अवघडली की परत कोपरावर. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या घट्ट लावलेल्या. झोपेत एका माणसाच्या श्वासातून आणि घामातून पाव लिटरच्या आसपास पाणी बाहेर पडतं, दोघांचं अर्धा लिटर धरा. ते गार छतावर जमलं आणि छत इतकं जवळ, की थेंब थेट कपाळावर. सकाळी गादी उचलली तर खालच्या प्लायवर आमच्या खांद्यांच्या आणि कंबरेच्या जागी काळपट ओले डाग उमटले होते.

त्यानंतर मी तो ओटा काढायला लावला. दिरांना वाईट वाटलं, आणि ते साहजिकच होतं. पण जे सामान आडवं पडल्या पडल्या आतून हाताला लागत नाही, ते पावसाच्या रात्री सोबत असून नसल्यासारखं असतं, हे मी आजही ठासून सांगते.

आता आमच्याकडे काय आहे ते सांगते. उंची लागते ती फक्त बसायच्या जागेला, म्हणजे डोक्याकडे. पायांवर दीड फूट मोकळं असलं तरी पुरतं. म्हणून डोकं फाळक्याकडे, पाय कॅबकडे, आणि कॅबच्या बाजूला पायांवरून जाणारी एक रुंद फळी. त्या फळीवर कपडे, पांघरुणं असं मोठं पण हलकं सामान. जड वस्तू, पाण्याचे कॅन, हत्यारं हे सगळं तळाला, मागच्या आसाच्या पुढे, आणि हौद्यातल्या हुकांना पट्ट्यांनी आवळलेलं. ब्रेक लागला की सुटा कॅन तोफगोळ्यासारखा येतो. दोन्ही बाजूंच्या फुगवट्यांवर अरुंद कप्पे, वरून उघडणारे: विजेरी, चष्मा, औषधं, एक जोडी कोरडे कपडे. मोठ्या पिकअपमध्ये फुगवट्यांच्या मधली रुंदी ४८ इंचांच्या आसपास असते, दोघं नीट मावतात. मध्यम आकाराच्या गाडीत ती कमी भरते, खांद्याला खांदा लागणारच. हौदा ५ फुटी असेल तर सरळ झोपताच येत नाही, तिथे वेगळा विचार करावा लागेल.

तुमचा प्लाय. १८ एमएमचं ८ बाय ४ फुटी एक पान ३० किलोच्या घरात जातं. ड्रॉवरसकट ओट्याला आमची तीन पानं लागली होती, म्हणजे चॅनेल न धरता ९० किलो. गाडी किती वजन पेलते ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर बघा, आणि त्यात माणसं, शेल, पाणी सगळं धरा. अंकावर विश्वास ठेवा, गाडीच्या दांडग्या रूपावर नको. दर १६ इंचांवर खाली आधार दिला तर १२ एमएम भरपूर होतो. वॉटरप्रूफ घ्या आणि कापलेल्या कडांना वार्निशचे दोन हात द्या, पाणी कडेतूनच शिरतं. ड्रॉवर करायचेच असतील तर ८ इंची करा, १० इंची नको. अर्ध्या लांबीचे करा आणि धुळीसाठी फाळक्याच्या फटींना रबर बीडिंग लावा. गाडी पळत असताना तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे फाळक्याच्या फटींतून धूळ आत ओढली जाते.

तळावर झोपलं की ओल येत नाही असा माझा दावा नाही. हौद्याचा पत्रा गार असतो, त्यामुळे खाली रबर मॅट, त्यावर इंचभर घट्ट फोम, त्यावर पट्ट्यांची जाळी आणि मग गादी, म्हणजे गादीखाली हवा खेळते. दोन्ही बाजूंच्या खिडक्या पावसातही बोटभर उघड्या राहतील असे छज्जे त्यांच्यावर लावून घ्या.

हेही सांगायला हवं की ज्यांची गाडी दिवसा कामाची आहे, रोज हत्यारं काढायची-घालायची आहेत आणि झोपणं क्वचित, त्यांना ड्रॉवरच योग्य. उंच छताचा शेल असेल तर माझा अर्धा मुद्दा गळून पडतो. ज्यांना गुडघ्यामुळे खालून उठायला त्रास होतो त्यांनाही ओटाच बरा.

दोन गोष्टींत मात्र सूट नाही. आत शेगडी किंवा गॅसचा हीटर पेटवायचा नाही, आणि इंजिन चालू ठेवून झोपायचं नाही. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्याचा अलार्म झोपल्यावर नाक जिथे येतं त्या उंचीला लावा. दुसरी गोष्ट, बऱ्याच शेलचं दार आणि फाळका आतून उघडतच नाहीत, कारण मूळ रचना सामानासाठीची असते. आतून ओढायची खिट्टी बसवून घ्या, आत झोपा, कुणाला तरी बाहेरून दार लावायला सांगा आणि अंधारात स्वतः उघडून बघा. हे जमल्याशिवाय आत रात्र काढू नका.

दीर अजून म्हणतात की असा पाऊस वर्षातून एखादाच, त्यासाठी एवढी जागा कशाला घालवायची. पावसाचं सोडा, भावोजी. रात्री खोकल्याची उबळ आली तरी माणूस आधी उठून बसतो. बूट घालायला, पाणी प्यायला, पुस्तक वाचायला, चष्मा शोधायलाही बसावंच लागतं. तुम्हीही प्लाय कापायच्या आधी हौद्यात खोकी रचून त्यावर गादी टाका, शेलचं दार लावा आणि तासभर दोघं आत राहा. त्या तासात दोघांनीही एकदा कपडे बदला.