डेक मऊ पडला की पॉलिशच्या आधी खाली वाकून बघा

रत्नागिरीजवळच्या घरापुढचा पाइनचा डेक दोन पावसाळ्यांतच कोपऱ्यात मऊ पडला, सुतार म्हणतो घासून वरून पीयू (पॉलियुरेथेनचं, वर थर धरणारं पॉलिश) मारू, तर मारावा का, असं तुम्ही विचारलंय. इतक्यात नको. लाकूड आतून ओलं असताना वर थर चढवला की पाणी आत कोंडतं. फळी वरून चकचकीत दिसते आणि आतून पोकळ होत जाते.

पेचकस घेऊन डेकखाली शिरा. फळ्या सांगाड्यावर टेकतात ती जागा, फळ्यांची कापलेली टोकं, स्क्रूच्या आजूबाजूला आणि खांबांचे बुंधे टोचून बघा. धड लाकडात टोक जेमतेम रुततं, कुजक्यात सरळ आत जातं. मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवीही आहे, तिचा बंदोबस्त वेगळा करावा लागेल.

कुज ही बुरशी. लाकडातला ओलावा साधारण 20 टक्क्यांच्या खाली असला तर ती वाढत नाही. आता आपल्याकडच्या पावसात लाकूड कोरडं ठेवणं अशक्यच, ते भिजणार. उघडीप मिळाली की ते किती लवकर वाळतं, यावर सगळं अवलंबून आहे. म्हणून फळ्यांमध्ये 5-6 मिमी फट हवी, फटीत अडकलेला पाचोळा काढायला हवा, खालून वारा खेळायला हवा. कुंड्या थेट फळीवर ठेवल्या असतील तर आजच उचला.

सगळ्यात जास्त घोळ खांबाशी होतो. जुन्या घरांत लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभा असायचा, जमिनीतली ओल वर चढू नये म्हणून. हल्ली खांब खड्ड्यात उभा करून भोवती काँक्रीट ओततात. लाकूड आणि काँक्रीट यांच्यामधल्या चिरेत पाणी साचून राहतं आणि बुंधा तिथेच जातो. असं झालं असेल तर खांब वर कापून खाली लोखंडी बूट घाला, लाकूड जमिनीपासून उचललेलं राहील असा.

सागवान असतं तर हे झालं नसतं, असं कुणी सांगेल. सागाचा गाभा टिकतो हे खरं, पण सालीकडचा पांढरट भाग सागाचा असला तरी कुजतो. पाइन घ्यायचं तर दाबाखाली औषध भरलेलंच घ्या. असं एक जुनं औषध, तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिकचं मिश्रण, 1933 मध्ये देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेसन यांनी शोधलं. घरासाठी मात्र आर्सेनिक नसलेलं, तांबंयुक्त औषध मागा. जागेवर फळी कापली की आतलं कोरं लाकूड उघडं पडतं आणि टोकातूनच पाणी सर्वांत वेगाने शिरतं, तेव्हा प्रत्येक कापलेल्या टोकाला औषध लावून घ्या. सुतार हे हमखास टाळतात, समोर उभं राहा. तांब्याच्या औषधाने साधे स्क्रू गंजतात. समुद्राजवळ 316 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचेच वापरा, महाग पडले तरी.

जळकं ऑइल (गाडीच्या इंजिनातलं वापरलेलं तेल) फासायचा सल्ला मिळेल. पायाला लागतं, वास मारतं, आत फारसं मुरत नाही.

मऊ फळ्या बदलाच. सांगाड्याच्या लाकडाची फक्त वरची कड गेली असेल तर कुजकं खरवडा, औषध लावा, शेजारी नवं लाकूड बोल्टने जोडा आणि वर डांबरी पट्टी चिकटवा. हे काम दिवाळीनंतर, लाकूड वाळल्यावर काढा. शेवटी पीयूऐवजी मुरणारं तेल लावा, दरवर्षी पावसाआधी पुन्हा.

डेक जमिनीपासून उंच असेल तर आधी कठड्याचे खांब हलवून बघा. हलत असतील तर दुरुस्ती होईपर्यंत पाहुण्यांना वर सोडू नका.