गडावरची खिचडी कच्ची का राहते?

प्रश्न : आम्ही चौघं हरिश्चंद्रगडावर एक मुक्काम करणार आहोत. मागच्या वेळी तूरडाळीची खिचडी तासभर शिजवूनही डाळ टणक राहिली, गॅसही संपला. ओझं न वाढवता काय न्यावं?

उत्तर : तूरडाळ घरच्या कुकरसाठीच ठेवा. गड १४२४ मीटर उंच. तिथे पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं, त्यात पातेलं उघडं. खिचडीच हवी तर मूगडाळ अर्धा तास भिजवा, झाकण ठेवून शिजवा.

त्याहून सोपा उपमा. माणशी ८० ग्रॅम रवा आणि दोन चमचे तेल. मोहरी, सुकी मिरची, कढीपत्ता फोडणीला टाका. कढीपत्ता कुरकुरीत झाल्यावरच रवा घालून मंद आचेवर भाजा, मग मीठ. पान ओलसर राहिलं की मिश्रणाला वास येतो. पूर्ण गार करूनच पिशवीत भरा, नाहीतर आत वाफ धरते. गडावर वाटीभर मिश्रणाला अडीच वाट्या पाणी. उकळत्या पाण्यात रवा भुरभुरवा. रव्यावर पाणी ओतलंत तर गोळे झालेच म्हणून समजा. शेगडी बंद, पाच मिनिटं झाकण.

दुपारी दुधात मळलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची कोरडी चटणी. काकडी-टोमॅटो पायथ्यालाच खाऊन टाका, ते निव्वळ पाण्याचं वजन.