पिस्टनवरच्या वाटीचा आकार वेगळा असेल तर ट्रॅक्टर जास्त धूर सोडतो का?

तुमचा प्रश्न असा: रावेरकडे 45 एचपीच्या ट्रॅक्टरचं इंजिन खोललंय, दुकानातून आलेल्या नव्या पिस्टनच्या डोक्यावरची वाटी जुन्यापेक्षा उथळ आणि पसरट दिसते. मिस्त्री म्हणतो, "बोअर तोच, पिन तीच, बसतंय म्हणजे चालतंय." बसेल भाऊ, आणि इंजिन सुरूही होईल. पण काळं ओकेल आणि डिझेल जास्त खाईल. तो सेट बसवू नका.

मी धुळ्यात इंजिनकाम करतो, त्याआधी पुण्यात टेस्ट बेडवर, म्हणजे इंजिन जोडून तपासायच्या जागी, होतो. आग्रा रोडच्या गॅरेजांत पिस्टन म्हटलं की रिंगा, लायनर आणि क्लिअरन्स बघतात. वाटीकडे कुणी बघत नाही. तुम्ही बघितलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा 16 ते 18 पट दाबली जाते, तापून 500 ते 700 अंशांवर जाते आणि त्यात नोझल, म्हणजे बारीक भोकांची तोटी, डिझेलचा फवारा मारतं. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. तेवढी हवा सिलिंडरमध्ये असते, नव्हे जास्तच असते. अडचण वेळेची आहे. 2000 आरपीएमला जळण्याचं बहुतेक काम तीन-चार मिलिसेकंदांत उरकावं लागतं. तेवढ्यात ज्या जागी डिझेल दाट आणि हवा तोकडी राहिली, त्या जागी काजळी धरते. सायलेन्सरमधून दिसतो तो काळा धूर म्हणजे हीच काजळी. वाटीचं सगळं काम हवा आणि डिझेलची वेळेत गाठ घालून देण्याचं.

ती हे कसं करते? पिस्टन पूर्ण वर येतो तेव्हा वाटीभोवतीचा सपाट काठ हेडपासून जेमतेम एक मिलिमीटरवर असतो. तिथली हवा चेपली जाऊन जोरात वाटीत शिरते. इनटेक पोर्टच्या, म्हणजे हवा आत येण्याच्या वाटेच्या, वळणामुळे हवा आधीच गोल फिरत असते. ती लहान घेरात आली की, फुगडी घालणाऱ्या दोघी जवळ ओढल्या गेल्यावर गिरकी वाढते तसा तिचा वेग वाढतो. वाटीच्या तळाशी मधोमध असणारा उंचवटा शोभेचा नाही. फवारा कडेला जातो, नोझलच्या बरोबर खालची हवा वापरलीच जात नाही, म्हणून ती जागा धातूने भरून टाकतात. वाटीचं तोंड अरुंद आणि पोट रुंद असेल, तर पिस्टन खाली उतरू लागल्यावरही घुसळण थोडी टिकते आणि उशिरा उरलेली काजळी जळून जाते.

आता हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. वाटी एकटी डिझाइन होत नाही. नोझलला भोकं किती, फवाऱ्याचा कोन किती, पंपाचा दाब किती, टायमिंग (फवारा नेमका कधी सुटतो) काय, हवेला गिरकी किती, हे सगळं त्या वाटीशी जुळवून ठरवलेलं असतं. तुमच्या जुन्या मेकॅनिकल पंपाचा दाब कमी, म्हणून त्याला खोल वाटी आणि भरपूर गिरकी लागते. पसरट, उथळ वाटी कॉमन रेलच्या, म्हणजे एकाच सामाईक नळीत जास्त दाबाने डिझेल साठवणाऱ्या, इंजिनांत शोभते. तिथे 1600 बार आणि त्याहून जास्त दाबाने बारीक फवारा निघतो, गिरकीची गरज कमी पडते. त्या जातीची वाटी तुमच्या नोझलखाली ठेवली तर मेळ बसणार नाही.

मोठ्या कंपन्या या आकारासाठी किती खपतात ते बघा. मर्सिडीजने 2016 मध्ये आणलेल्या ओएम 654 इंजिनात स्टीलचा पिस्टन आणि पायरी असलेली वाटी आहे. व्होल्वोने ट्रकच्या पिस्टनमध्ये वाटीच्या भिंतीला लाटांसारखे उंचवटे दिले. शेजारशेजारच्या दोन ज्वाळा भिंतीवर आदळून एकमेकींत घुसतात तिथे हवा संपते. त्या उंचवट्यांनी ज्वाळा परत मधल्या न वापरलेल्या हवेकडे वळते. काजळी 90 टक्क्यांपर्यंत घटते, असं कंपनी सांगते.

पण नुसती आग भडकवून भागत नाही. फार गरम जळलं की हवेतला नायट्रोजन जळून नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात. ते कमी करायला टायमिंग मागे घ्यावं, म्हणजे फवारा उशिरा सोडावा, तर काजळी वाढते. या ओढाताणीमुळेच एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 (धुराच्या नव्या नियमांच्या) डिझेल गाड्यांना काजळीचा फिल्टर आणि बऱ्याच ठिकाणी युरिया लागला. ट्रॅक्टरमध्ये 50 एचपीच्या वरच्यांना जानेवारी 2023 पासून कडक नियम आले. तुमचा त्याच्या आतला. मागे फिल्टर नाही, काही नाही. जे स्वच्छ जळायचं ते या वाटीतच. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 वर जातो. 25 अंशांच्या मानाने त्या हवेचं वजन सहाएक टक्के कमी भरतं. टर्बो नसलेल्या इंजिनाला रोटाव्हेटर जोडून त्या उन्हात ओढायला लावलं की आधीच हवेची तंगी, वर चुकीची वाटी.

जुना पिस्टन फेकू नका. वाटीत बघा, फवाऱ्याचे काळे ठसे दिसतील, नोझलला जितकी भोकं तितके. सगळे ठसे वाटीच्या ओठाखाली (तोंडाच्या कडेखाली) एकाच उंचीवर हवेत. एखादा वर सपाट काठावर गेला असेल तर ते डिझेल लायनरवर जात होतं, तेल पातळ करत होतं. याचं कारण बऱ्याचदा साधं निघतं: नोझलखालचा तांब्याचा वॉशर. जुना तसाच ठेवून वर दुसरा घातला की नोझल वर उचललं जातं आणि फवारा वाटी चुकवतो. वाटीच्या ओठाला बारीक चिरा असतील तर तो पिस्टन परत वापरू नका, ती सगळ्यात तापणारी जागा आहे.

हेड गॅस्केटही बघून घ्या. बऱ्याच इंजिनांना दोन-तीन जाडीच्या गॅस्केट येतात, कडेच्या खाचांवरून ओळखायच्या. जाड लागली तर काठावरची फट वाढते, कॉम्प्रेशन उतरतं आणि वाटीबाहेरची हवा फुकट जाते. शिशाची तार पिस्टनवर ठेवून इंजिन हाताने फिरवा, चेपलेली तार मोजा, मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा.

दुकानात जाताना इंजिन नंबरच्या प्लेटचा फोटो आणि जुना पिस्टन दोन्ही न्या. व्हर्नियरने वाटीचं तोंड आणि खोली मोजा. जुन्या वाटीतली काजळी साफ करा, पिस्टन सपाट ठेवा आणि सिरिंजने रॉकेल भरून दोन्ही वाट्यांत किती मिली बसतं ते बघा. माप वेगळं आलं तर दुकानदाराशी वाद घालायचीही गरज नाही, सेट परत. माप सारखं आलं तरी आकार जुळलाच पाहिजे. नोझलवर कोरलेला नंबर इथे लिहा. डीएलएलए 150 पी अशा धर्तीचा असेल तर त्यातला 150 हा फवाऱ्याचा कोन असतो. त्यावरून कोणती वाटी हवी याचा अंदाज सांगता येईल.